अदृश्य चिन्हांची छाननी : एक आक्षेप

शेलच्या संहितेने जी कॉन्फिगरेशन फाईल वाचावयाची, तिच्यातील उपरी रिकामी जागा आधी हुडकून काढावी, हा संकेत आता रूढ झाला आहे. तो निराधार नाही. ‘नाव=मूल्य’ अशा ओळीत बरोबरीच्या चिन्हाआधी जागा सुटली, तर शेल ‘नाव’ हीच आज्ञा समजतो. विंडोजवर तयार झालेल्या फाईलमध्ये ओळीअखेरचे कॅरेज-रिटर्न मूल्याला चिकटते आणि पडद्यावर त्याचा मागमूसही नसतो. ग्रेपने ओळीच्या शेवटी ‘स्पेस’ वर्गातील चिन्ह शोधले म्हणजे हा दुसरा दोष हाती लागतो.

आक्षेप आहे तो पुढल्या पायरीवर. नॉन-ब्रेकिंग स्पेस हे चिन्ह लिनक्सच्या नित्याच्या सी-लायब्ररीत त्या वर्गात मोडत नाही; सबब ते निसटते. मग त्रासलेला संहिताकार डोळ्यांना न दिसणारे सारेच गाळणारी आज्ञा लिहितो, आणि नकळत मराठीच्या वर्णव्यवस्थेत हात घालतो.

नवी मुंबईत खारघरलगत कोपरा नावाचे गाव आहे. षष्ठीत त्याचे रूप ‘कोपऱ्याचा’ होते. ह्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह देऊन. हे जोडचिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट व्यापते, पण दिसत नाही. ते गाळले की ‘कोपर्याचा’ उरते. ही केवळ लेखनाची हानी नव्हे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ हे शब्दच वेगळे आहेत. पहिल्या जोडीत दऱ्यांचा समुद्र होतो, दुसरीत स्वयंपाक्याचा गुरू! (दुसऱ्या बदलास कदाचित कोणी हरकत घेणार नाही.)

उलट, काहीच न गाळल्यास दुसरी अडचण उभी राहते. दोन रीतींनी लिहिलेली ‘कोपऱ्याचा’ ही रूपे पडद्यावर एकसारखी दिसतात, परंतु शेलची तुलना त्यांना भिन्न ठरविते.

तेव्हा क्रम बदलावयास हवा. ‘र’, हलन्त व जोडचिन्ह ह्यांच्यापुढे ‘य’ अथवा ‘ह’ आल्यास (‘कऱ्हाड’प्रमाणे) ते आधी ‘ऱ’च्या रूपात आणावे. उरलेली अदृश्य चिन्हे चलांच्या नावांतून आणि अंकांतून निःशंक काढावीत. मराठी मजकुरात मात्र ती परस्पर न गाळता ओळ-क्रमांकासह नुसती दाखवावीत.