आवडीचं हॉटेल कशाला म्हणायचं? हैदराबादच्या खाण्याविषयी, पाथरीतून



आमच्या व्याख्यानाचा विषय ऐकून एका स्नेह्यांनी विचारलं, "इथं संतांवर बोललं जातं, शेतीवर, मुक्तिसंग्रामावर बोललं जातं, आणि तुम्ही बिर्याणीवर बोलणार?" (हशा) बोलणार. पुस्तक आलं की त्यावर परीक्षण येतं, नाटक आलं की येतं. हॉटेलाच्या वाट्याला मात्र यादी येते. अमुक शहरातली दहा उत्तम हॉटेलं, तमुक ठिकाणी हे खाल्लंच पाहिजे. यादी कुठं जायचं ते सांगते. का जायचं, कुणी जायचं आणि तिथं काय उणं आहे, हे ती सांगत नाही. ते काम समीक्षेचं. ते आज आपण थोडं करून बघू.

आता शहर हैदराबादच का? पुण्या-मुंबईच्या हॉटेलांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. पण आपला परभणी जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि पुढं 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांचं मोठं शहर मुंबई नव्हतंच. वरचं कोर्ट तिकडं, मोठा दवाखाना तिकडं, उस्मानिया विद्यापीठ तिकडं. मानवत रोडला गाडीत बसायचं आणि काचीगुड्याला नाही तर सिकंदराबादला उतरायचं. राजधानी बदलली तरी जीभ लगेच बदलत नाही. आपल्याकडं लग्नात 'बगारा' होतो, शेंगदाणे-तीळ-खोबऱ्याचं वाटण होतं. हैदराबादच्या मिरची का सालनमध्ये चिंचेच्या जोडीला तेच वाटण आहे. तिथं गेलं की अर्धी चव ओळखीची निघते.

'हॉटेल' हा शब्दच घ्या. पाथरीत कुणी म्हणालं, "दादा हॉटेलात बसलेत," तर दादा खोली घेऊन राहिलेत असं कुणी समजत नाही. दादा चहा पिताहेत, पेपर वाचताहेत आणि तासभर उठणार नाहीत. (हशा) हैदराबादेतही हॉटेल म्हणजे तेच. या अर्थात खाण्याइतकंच बसणंही आलं. आमची सगळी समीक्षा या एका शब्दावर उभी आहे.

नेहमीची यादी बिर्याणीपासून सुरू होते, तर आपणही तिथूनच सुरू करू. सिकंदराबादचं पॅरडाइज 1953 साली एका सिनेमा थिएटरजवळचं छोटं कँटीन म्हणून सुरू झालं आणि आता गावोगाव शाखा असलेलं नाव झालंय. ॲबिड्सचं ग्रँड हॉटेल त्याहून जुनं, 1935 चं, इराण्यांनी उभं केलेलं. कोणती बिर्याणी चांगली यावर हैदराबादी माणसं भावकीसारखी भांडतात. आम्ही परीक्षा कशी करतो ते सांगतो. कच्च्या बिर्याणीत मसाला-दही लावलेलं कच्चं मांस खाली आणि अर्धवट शिजलेला भात वर, कणकेनं तोंड बंद, मग दम. दोन वेगळ्या वेगानं शिजणाऱ्या गोष्टी एकाच वेळी तयार व्हाव्यात, हे यातलं खरं कसब. म्हणून ताटात आलेला वरचा पांढरा भात नुसता खाऊन बघायचा. त्याला मांसाचा वास लागलाय का? दाणा मोकळा आहे का? मग बोटी दाबायची. हाडापासून सुटली तर पास. तिखट आणि रंग किती, हा प्रश्न त्यानंतरचा. ज्या हॉटेलात तिखटच आधी जाणवतं, तिथं दमात राहिलेली कसर मसाल्यानं भरून काढलेली असते.

पण एका पदार्थानं हैदराबादचं नुकसानही केलंय. बाहेरचा माणूस बिर्याणी खातो, फोटो काढतो आणि शहर झालं असं समजतो. म्हणून आम्ही दुसरी यादी करतो. तिची मांडणी पदार्थांवरून केलेली नाही. माणूस हैदराबादला कशाला गेला, त्यावरून केलेली आहे.

पहिलं, कोर्टाचं हॉटेल. मुसी नदीच्या काठावर हायकोर्टाची ती लाल दगडी, घुमटांची इमारत आहे. तिथून चारमिनारकडं निघालं की पत्थरगट्टीची मदिना बिल्डिंग लागते. वक्फची इमारत, तिचं भाडं मदिनेच्या गोरगरिबांसाठी पाठवायचं, म्हणून ते नाव. त्यातलं मदिना हॉटेल 1947 चं. शहरात हॉटेलातून हलीम मिळायला लागलं ते इथून, 1950 च्या दशकात, असं सांगतात. तारीख पुढं गेलेला, वकिलाची फी देऊन खिसा हलका झालेला आपल्याकडचा पक्षकार अशाच हॉटेलात जाऊन बसत असणार. हलीम त्याच्यासारख्यालाच जड जेवण: गहू, मटण आणि तूप भट्टीवर तासन् तास शिजवायचं आणि लाकडी घोटणीनं घोटत राहायचं. खिचड्यात गव्हाचा दाणा दाताला लागतो. हलीममध्ये दाणा आणि मांस वेगळं काढता आलं तर घोटणाऱ्यानं हात आखडता घेतला असं समजा. 2010 साली हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकन जिन्नस आणि कृती राखतं; घोटणाऱ्याचे दंड राखत नाही. आता पुष्कळ ठिकाणी यंत्रं आलीत. यंत्राचं हलीम गुळगुळीत होतं, त्याला धागा राहत नाही. आम्ही धाग्याच्या बाजूचे.

दुसरं, दवाखान्याचं हॉटेल. निलोफर ही सातव्या निजामाची सून. तिची एक दासी बाळंतपणात गेली, त्या दुःखातून बायका-मुलांसाठीचा निलोफर दवाखाना उभा राहिला, 1953 मध्ये. त्याच्याजवळ 1978 साली कॅफे निलोफर सुरू झालं. आज ते ज्यांच्या नावानं ओळखलं जातं ते बाबूराव तिथं आधी नोकर होते, ही गोष्ट हैदराबादेत रिक्षावालाही सांगतो. तिथला चहा नीट समजून घ्या. आपण सगळं एकाच पातेल्यात उकळतो. इराणी चहात पत्तीचा अर्क झाकण लावून मंद आचेवर वेगळा मुरतो, दूध वेगळं आटतं आणि कपात दोघांची गाठ पडते. सोबत उस्मानिया बिस्कीट, किंचित गोड, किंचित खारट. हे बिस्कीट पूर्वी उस्मानिया दवाखान्यातल्या रोग्यांसाठी करत, अशी एक आख्यायिका आहे. खरी असो-नसो, चव तिला साक्ष देते: आजाऱ्यालाही चालेल इतकं ते सौम्य आहे. आत मूल ॲडमिट आहे, डॉक्टर काही सांगत नाहीत, आणि बाप बाहेर येऊन कपात बिस्कीट बुडवतो. त्या घोटाची किंमत कोणत्या यादीत लिहायची? या कॅफेच्या नव्या शाखा आता काचेच्या आणि झगमगीत झाल्यात. तिथं तरुण मंडळी रमतात, रमू देत. आमचे गुण दवाखान्याजवळच्या मूळ जागेला.

तिसरं, स्टेशनचं हॉटेल. सिकंदराबाद स्टेशनच्या समोर अल्फा. चव आणि सजावट यावर गुण द्यायचे तर अल्फाच्या वर बरीच हॉटेलं येतील. पण रात्रभर गाडीत उभं राहून आलेल्या माणसाला जवळ, लगेच, गरम आणि परवडणारं लागतं, आणि कुणी "कुठून आलात" विचारलं नाही तर बरं वाटतं. या चार गोष्टींवर अल्फा पहिल्या रांगेत.

चौथं, ॲबिड्सचं. तिथं ओरिएंट हॉटेल होतं. शायर, पत्रकार, पुढारी एका चहावर तिथं दिवस काढत. ते बंद झालं. असे कितीतरी इराणी अड्डे बंद झाले. कारण साधं आहे: कोपऱ्यावरची जागा महाग होत गेली, आणि एका चहावर दोन तास बसणारं गिऱ्हाईक त्या भाड्याला पुरेना. त्याच ॲबिड्सवर ताजमहाल हॉटेल, शाकाहारी. इडली, डोसा, थाळी. आपल्याकडून माळकरी माणूस सोबत आला की त्याला तिथं न्यायचं. हैदराबाद म्हणजे नुसतं मटण समजणाऱ्यानं ही जागा ध्यानात ठेवावी.

इथवर आमची यादी आम्हालाच फार आवडली होती. कुणालाही बसू देणारी हॉटेलं, असं आम्ही तिचं मोठ्या तोऱ्यात वर्णन करायचो. जुनी माणसं सांगायची की आपल्या गावांत जातीवर कप वेगळे ठेवायच्या काळात इराण्याच्या हॉटेलात पैसे टाकले की सगळ्यांना एकसारखा कप मिळायचा. मोठी गोष्ट आहे ती. पण आमच्यासोबत हैदराबादला आलेल्या एका ताईंनी विचारलं, "तुमच्या या 'कुणालाही'मध्ये मी येते का?" आम्ही गप्प. कारण त्या जुन्या हॉटेलांत बाई एकटी येऊन एका चहावर पेपर वाचत बसलीय, हे दृश्य आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. बायकांसाठी आत 'फॅमिली रूम'. बाहेरची संगमरवरी टेबलं पुरुषांची. दवाखान्यातल्या त्या मुलाचा बाप कॅफेत बसायचा, हे आम्ही आत्ताच रंगवून सांगितलं. आई कुठं बसायची? दवाखान्याच्या पायरीवर, घरून आणलेली भाकरी सोडून. आमच्या समीक्षेत एवढं मोठं भगदाड होतं आणि ते आम्हाला दिसलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही गुण बदलले. चारमिनारला लागून निमरा कॅफे आहे, 1993 चं. तिथं बसायची सोय जवळपास नाहीच. आमच्या जुन्या कसोटीवर ते नापास होत होतं. पण तिथं बायका-मुली उघड्यावर, सगळ्यांमध्ये उभ्या राहून चहा पितात, बिस्किटं खातात, हसतात. रमजानच्या रात्री हलीमसाठी अख्खी कुटुंबं रस्त्यावर येतात. बसायला खुर्ची नसलेली जागाही माणसाला सामावून घेऊ शकते, हे आम्हाला निमरानं शिकवलं. आज ते आमच्या यादीत वर आहे.

आता शेवटचं, आणि ते पाथरीचं आहे. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून आपल्या गावाकडं भाविक येतात. जानेवारी 2020 मध्ये पाथरीच्या विकासासाठी 100 कोटींची घोषणा झाली, शिर्डीकरांनी बंद पाळला आणि गावाचं नाव देशभर गेलं. जन्मस्थानाचा वाद ज्यांचा त्यांनी सोडवावा. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे: आजवर आपण परक्या शहरात जाऊन हॉटेल शोधत होतो, आता परकी माणसं आपल्याकडं येऊन हॉटेल शोधणार आहेत.

त्यांना आपण काय देणार? हायवेवर सगळीकडं मिळतं तेच पनीर आणि तोच लाल रस्सा? की ज्वारीची गरम भाकरी, ठेचा, धपाटं, आणि शुक्रवारच्या दुपारी कुणाच्या तरी भटारखान्यातला बगारा? हैदराबादच्या त्या हॉटेलांनी मोठं नाव करायचं म्हणून सुरुवात केली नव्हती. कोर्टासमोर, दवाखान्यासमोर, स्टेशनसमोर जो माणूस उभा होता, त्याला काय लागतं ते त्यांनी पाहिलं. पाथरीच्या स्टँडवर रात्री दहाला उतरलेल्या एकट्या बाईला दोन भाकरी आणि निवांत बसायला खुर्ची मिळते का? या प्रश्नाला 'हो' म्हणता आलं, की आपल्या गावातही आवडीचं हॉटेल आहे असं म्हणू. आज आम्हाला तसं म्हणता येत नाही.

हॉटेल चालवणारी दोन-तीन मंडळी समोर बसलेली दिसतात. व्याख्यानानंतर चहा तुमच्याचकडं घेऊ, आणि परीक्षणही तिथंच करू. (हशा) इथं थांबतो.