सुप्याचा प्रसंग आणि हेराचे चरित्र

बहिर्जी नाईकांचे चरित्र रंगविणाऱ्यांस बारामती-इंदापूरकडील मुलूख फार सोयीचा वाटावा, हे स्वाभाविक आहे. पुणे, सुपे, इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीतील परगणे. पलीकडे विजापूरचा अंमल. गोंधळ्याच्या वेषातील हेर सुप्याच्या बाजारात उभा करण्यास कल्पनेला श्रम पडत नाहीत. परंतु सभासदाची बखर समोर ठेवली असता ही रचना टिकत नाही.

सुपे (आजच्या बारामती तालुक्यातील) संभाजी मोहित्यांच्या ताब्यात होते. ते शिवाजीमहाराजांचे सावत्र मामा. शिमग्याचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने महाराज त्यांच्या भेटीस गेले व त्यांना कैद केले, असे सभासद सांगतो. या प्रसंगाचे सारे मर्म उघड ओळखीत आहे. भाचा सणाला मामाकडे आला, म्हणूनच दार उघडले. येथे वेषांतर घुसविणे म्हणजे बखरकाराने साधलेला नाट्यगुणच घालविणे होय. घरातली खबर घरच्यांना असतेच. तिच्यासाठी जासूद कशाला?

जासूद बखरीत येतो तो अनोळखी मुलखात. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी तेथील संपत्तीची खबर बहिर्जी आणतात. १६७९ मध्ये जालन्याहून परतताना मोगली फौज आड आली, तेव्हा आडवाटेने पट्टा किल्ल्यापर्यंत सैन्य तेच नेतात. सभासदाची ही निवड अर्थपूर्ण आहे, आणि चरित्रकारांनी तिची फारशी दखल घेतलेली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

साधने विपुल असती तर प्रश्न सुटला असता, असेही नव्हे. चिनी साम्यवादी पक्षाचा गुप्तहेर पान हानन्येन याच्यावर कागदांचा ढीग आहे. १९४३ मध्ये जपानधार्जिण्या सरकारचा प्रमुख वांग चिंगवेई याच्याशी झालेली भेट त्याने पक्षापासून लपविली. १९५५ मध्ये ती सांगताच त्याला अटक झाली. १९६३ मध्ये शिक्षा, १९७७ मध्ये मृत्यू, १९८२ मध्ये निर्दोषत्वाची घोषणा. भेट तीच, तिने आधी फितूर ठरविला, मग निष्ठावंत. म्हणजे हेराविषयीचा कागद प्रायः त्याच्या धन्याच्या गरजेने लिहिला जातो.

बहिर्जींविषयी तर आरोपपत्रही नाही. बाणूरगडावर त्यांची म्हणून समाधी दाखवितात. तेवढ्यावरून मृत्यूचा सविस्तर प्रसंग रचणाऱ्यांनी सुप्याच्या बाजारातलीच चूक पुन्हा केली आहे.