मालकी दुसऱ्याची, कादंबरी कोणाची?

दूरचित्रवाणी मालिकेवर बेतलेल्या कादंबरीकडे समीक्षेने आजवर विक्रीचा माल म्हणूनच पाहिले आहे. मुखपृष्ठावर नटांचे चेहरे, पात्रे परक्याची, विश्व परक्याचे आणि स्वामित्वहक्कही लेखकाचा नाही. अशा लेखनात वाङ्मयीन असे काय उरणार, असा हा आक्षेप आहे. आक्षेप रास्त आहे, पण त्याचा निकाल बहुधा पुस्तक न उघडताच लावला जातो. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकेच्या परवानाधारक कादंबऱ्या समोर ठेवून तो तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात एनबीसी वाहिनीवर झाली. तिचे ७९ भाग. ती चालू असतानाच, १९६७ च्या जानेवारीत, बॅंटम प्रकाशनाने जेम्स ब्लिश यांच्याकडून काही भागांची कथारूपे लिहून घेतली आणि पहिला संग्रह काढला. ब्लिश हे किरकोळ लेखक नव्हते. त्यांच्या ‘अ केस ऑफ कॉन्शन्स’ या कादंबरीला १९५९ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला होता. ते पटकथेच्या खर्ड्यावरून काम करीत. त्यामुळे पडद्यावर बदललेल्या किंवा गळलेल्या गोष्टी पुस्तकात कधी कधी तशाच राहिल्या. घरोघरी व्हिडिओ येण्यापूर्वी मालिका पुन्हा अनुभवायची तर पुनःप्रक्षेपणाची वाट पाहायची किंवा ही पुस्तके वाचायची, एवढेच मार्ग होते. १९७० मध्ये ब्लिश यांनीच ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही स्वतंत्र कथानकाची कादंबरी लिहिली. कादंबरीकरण आणि परवानाधारक स्वतंत्र कादंबरी या दोन वाटा येथून वेगळ्या झाल्या. पुढील विवेचन दुसऱ्या वाटेबद्दल आहे.

या वाटेने पुढे नामवंत मंडळी गेली. जो हाल्डमन, ग्रेग बेअर यांनी या मालिकेसाठी कादंबऱ्या लिहिल्या. ‘ड्रीमस्नेक’साठी ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळवलेल्या व्होंडा मॅकिन्टायर यांनी १९८१ मध्ये पॉकेट बुक्ससाठी ‘द एन्ट्रॉपी इफेक्ट’ लिहिली. तेव्हा लेखक दुय्यम म्हणून लेखन दुय्यम, हा तर्क येथे लागू पडत नाही. काही दुय्यम असलेच तर त्याचे कारण लेखनाच्या अटींत शोधले पाहिजे.

या अटी कोणत्या? लेखक आधी कथानकाचा आराखडा देतो. तो संपादकाकडून हक्कधारकाकडे जातो. मंजुरी मिळाल्यावर लेखन होते आणि पूर्ण हस्तलिखित पुन्हा त्याच वाटेने तपासले जाते. मोबदला मिळतो, स्वामित्वहक्क हक्कधारक कंपनीकडे राहतो. या तपासणीचे टोक १९९२ च्या ‘प्रोब’ या कादंबरीत दिसले. मार्गारेट वॉंडर बोनानो यांचे हस्तलिखित दुसऱ्या लेखकाकडून मोठ्या प्रमाणावर पुन्हा लिहून घेण्यात आले आणि पुस्तक मात्र त्यांच्याच नावावर निघाले. हे लेखन आपले नव्हे, असे बोनानो यांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

पण कादंबरीच्या रचनेला सर्वांत जाचक अट याहून साधी आहे. शेवटच्या पानावर सर्व काही पहिल्या पानावर होते तसे असले पाहिजे. कर्क जहाजाचा कप्तान राहिला पाहिजे, स्पॉक त्याच्या शेजारी उभा असला पाहिजे. पडद्यावरील पुढच्या कथेचे हात पुस्तकाने बांधता कामा नयेत, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. परंतु कादंबरी हा प्रकार माणसात होणाऱ्या बदलावर उभा असतो. नायक बदलू शकत नाही, मरू शकत नाही, त्याचा निर्णय कायमचा ठरू शकत नाही. मग त्याच्या संकटाची वाचकाला धास्ती कशी वाटावी? या मालिकेतील कितीतरी पुस्तके नेमकी याच खड्ड्यात पडली आहेत. संकट येते, प्रकरणे वाढतात, संकट टळते आणि वाचकाच्या हाती फक्त गेलेला वेळ उरतो.

जॉन एम. फोर्ड यांची ‘द फायनल रिफ्लेक्शन’ (१९८४) ही कादंबरी या अटीला दिलेले सर्वांत बुद्धिमान उत्तर आहे. फोर्ड यांनी नियम मोडला नाही. ज्यांना बदलता येत नाही त्या पात्रांना त्यांनी चौकटीत बसवले. कर्क आणि त्याचे सहकारी येथे एका पुस्तकाचे वाचक आहेत. मुख्य कथा त्यांच्या काही दशके आधी घडते आणि ती शत्रुपक्षाची, म्हणजे क्लिंगॉन लोकांची आहे. मूळ मालिकेत क्लिंगॉन म्हणजे खलनायकांची एक जात, याहून फारसे काही नव्हते. फोर्ड यांनी त्या रिकाम्या जागेत घराणी, दत्तकविधान, भाषा, विनोद आणि शिष्टाचार भरले.

कथेचा नायक क्रेन हा कुळ नसलेला मुलगा. बुद्धिबळासारख्या ‘क्लिन झा’ या खेळात तो जिवंत सोंगटी म्हणून उभा राहतो, तेथून एका सेनानीच्या नजरेत भरतो आणि दत्तक जातो. या खेळाचा एक प्रकार असा, की दोन्ही खेळाडूंना मिळून सोंगट्यांचा एकच संच असतो. शत्रूची सोंगटी तीच आपली सोंगटी. दोन सत्तांमध्ये युद्ध पेटवू पाहणारे लोक दोन्हीकडे आहेत, हे क्रेनच्या हळूहळू ध्यानात येते, तेव्हा या खेळाचा अर्थ उलगडतो. पृथ्वीवरच्या संघराज्याचा वकील शांततावादी आहे आणि त्याचे आडनाव टागोर आहे, ही गोष्ट भारतीय वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

कादंबरीत दोष आहेत. पृथ्वीवरील कारस्थानाचा भाग घाईत उरकला आहे. फोर्ड इतके काही न सांगता सोडतात, की कोण कोणाच्या बाजूचा हे कळायला पाने मागे उलटावी लागतात. तरीही क्रेनबद्दल धास्ती वाटते, कारण त्याला वाचवण्याची सक्ती कोणत्याही कराराने केलेली नाही.

परक्या कथेवर आपली रचना उभारणे मराठी वाचकाला नवे नाही. आपली आख्यानकाव्याची परंपरा त्यावरच उभी आहे. खाडिलकरांनी ‘कीचकवधा’त महाभारतातील प्रसंगातून कर्झनशाहीवर बोट ठेवले. खांडेकरांची ‘ययाति’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ यांतील पात्रे व त्यांचा शेवट लेखकांना आयताच मिळालेला होता. कर्ण मरणार हे वाचकाला ठाऊक असते. कादंबरीचे बळ तो कसा जगला यात असते. तेव्हा कथा उसनी आहे म्हणून लेखन हीन, हे आपल्याला तरी म्हणता येणार नाही. फरक मालकीचा आहे. महाभारताचा हक्कधारक कोणी नाही. कर्णाला नायक करायला सावंतांना कोणाची मंजुरी घ्यावी लागली नाही आणि पुढे कोणी महाभारत पडद्यावर आणले म्हणून ‘मृत्युंजय’ रद्द ठरली नाही.

परवानाधारक कादंबरी मात्र रद्द ठरू शकते. १९८७ नंतरच्या नव्या मालिकांनी क्लिंगॉन संस्कृती वेगळ्या रीतीने घडवली आणि फोर्ड यांचे क्लिंगॉन अधिकृत कथेबाहेर राहिले. पुढे २००१ पासून कादंबऱ्यांनी पडद्यावर संपलेल्या कथा पुढे नेल्या. तेथे पात्रे बदलू लागली, मरू लागली. २०२० मध्ये ‘पिकार्ड’ ही मालिका आली आणि तिच्या कथेशी या पुस्तकांचा मेळ बसेना. तेव्हा २०२१ मध्ये डेटन वॉर्ड, जेम्स स्वॅलो आणि डेव्हिड मॅक या तीन लेखकांनी ‘कोडा’ ही त्रयी लिहून कादंबऱ्यांचे ते विश्व स्वतःच मिटवले. आपण व आपल्या सहकाऱ्यांनी वीस वर्षे वाढवलेल्या कथेला रीतसर निरोप देण्याची वेळ लेखकांवर क्वचितच येते.

उलट दिशेने गेलेली एक छोटी गोष्टही नोंदवली पाहिजे. सुलू या पात्राला मूळ मालिकेत पहिले नाव नव्हते. मॅकिन्टायर यांनी १९८१ च्या कादंबरीत ते ‘हिकारू’ असे ठेवले आणि १९९१ च्या चित्रपटात ते पडद्यावर उच्चारले गेले. मालकाने एक शब्द ठेवून घेतला.

अशा लेखनाचे मूल्य अधिकृत कथेने त्यातले किती स्वीकारले यावरून ठरवले, तर या साऱ्या परंपरेची कमाई एका नावाएवढी भरेल. ही मोजपट्टी हक्कधारकाची आहे आणि समीक्षेने ती वापरण्याचे कारण नाही. समीक्षेने पाहायचे ते एवढेच, की अट मान्य केल्यावर लेखकाने मोकळी जागा कोठे शोधली आणि तेथे माणूस उभा केला की नाही. फोर्ड यांच्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्यांचा नव्हता. पण क्रेन दुसऱ्या कोणी लिहिलेला नाही, आणि कादंबरी कोणाची या प्रश्नाचे उत्तर समीक्षेपुरते तरी तेवढ्यावर देता येते.