प्रचार, विडंबन आणि संगीत : 'रीफर मॅडनेस' आणि 'एकच प्याला'

प्रचारकृतीचे आयुष्य बहुधा तिच्या प्रचाराइतकेच असते. काही कृती मात्र विडंबनाचा विषय होऊन दुसरा जन्म घेतात. १९३६ साली लुई गास्निए यांनी दिग्दर्शित केलेला 'टेल युवर चिल्ड्रन' हा अमेरिकन चित्रपट गांजाच्या व्यसनाविरुद्ध पालकांना सावध करण्यासाठी निघाला. पुढे 'रीफर मॅडनेस' या नावाने तो गाजला तो मात्र हास्यविषय म्हणून. गांजाच्या एका झुरक्यातून खून, वेड आणि सर्वनाश अशी त्याची साखळी आहे. १९७०च्या दशकात महाविद्यालयीन प्रेक्षक त्यावर खदखदून हसू लागले. केव्हिन मर्फी आणि डॅन स्टडनी यांनी १९९८ साली लॉस एंजेलिसमध्ये त्यावर उपहासात्मक संगीतिका उभी केली. २००५ साली तिचा दूरचित्रवाणी-चित्रपटही झाला.

या संगीतिकेचा खरा नायक व्याख्याता आहे. मूळ चित्रपटातील उपदेशक मुख्याध्यापकाचे हे रूप प्रेक्षकांनाच पालक समजून बोलते आणि प्रसंगी कथेतील पात्रेही स्वतःच वठवते. भीती विकणाऱ्यालाच भीतीतील सर्व भूमिका कराव्या लागतात, ही कल्पना मार्मिक आहे. तरीही एक मर्यादा राहते. ज्या चित्रपटावर प्रेक्षक आधीच हसत होते, त्यावर पुन्हा हसविण्यात धोका कमी असतो. साठ वर्षांपूर्वीच्या भाबडेपणावर हसणारा प्रेक्षक स्वतः सुरक्षित राहतो.

मराठी वाचकाला येथे राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, ते रंगभूमीवर आणले. मद्यपाननिषेध हा त्याचा उघड हेतू आहे आणि एका पेल्यापासून विनाशापर्यंतची उतरंडही चित्रपटासारखीच सरळ आहे. परंतु गडकऱ्यांनी विडंबनासाठी पुढच्या पिढीची वाट पाहिली नाही. तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' हे सुधारणा, सभा आणि संस्था यांच्या भाषेचे नाटकातच केलेले विडंबन आहे. शास्त्रीबुवा आणि खुदाबक्ष एकाच बैठकीत बसतात. धर्मभेद मिटविण्याचे जे कार्य सभांना साधत नाही, ते बाटली साधते. दारूचे समर्थन इतके चतुर आहे की प्रेक्षकाला तळीराम आवडू लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तो स्वतःही मंडळाचा सभासद होतो. अशी कोंडी संगीतिकेला साधलेली नाही.

शिवाय सुधाकराच्या पतनाला कारण आहे. न्यायालयातील अपमान आणि त्याचा दुखावलेला अहंकार यांतून तो पेला उचलतो. चित्रपटातील मुलांना असे काहीच घडत नाही. ती निव्वळ भेटतात आणि बिघडतात. म्हणूनच 'एकच प्याला'तील दारूचे चित्रण हास्यास्पद करणे सोपे नाही.

नाटकाची प्रचारकी बाजू दारूपेक्षा सिंधूत अधिक आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. पतीचे सर्व सोसणाऱ्या पतिव्रतेचा आदर्श नाटक निःशंकपणे मांडते. विठ्ठल सीताराम गुर्जर यांची पदे आणि बालगंधर्वांचा गळा यांनी त्या सोसण्याला इतके माधुर्य दिले की प्रेक्षक अश्रू ढाळताना प्रश्न विचारायचे विसरले. प्रचाराचे सर्वांत प्रभावी साधन व्याख्यान नसून गाणे असते, हे येथे दिसते. अमेरिकन संगीतिकेने तेच साधन उलटे फिरवले : अतिशयोक्तीला चाल लावली की तिच्यातील खोटेपणा उघडा पडतो. सिंधूची पदे मात्र तिचे दुःख पवित्र करतात.

मराठी रंगभूमीवर 'एकच प्याला'चे संगीत विडंबन कोणी करू पाहील, तर त्याने मद्यावर वेळ दवडू नये. ती कामगिरी तळीरामाने केली आहे. नवऱ्याच्या दारूविषयी फटकळपणे बोलणारी तळीरामाची बायको गीता नाटकात आहेच. गडकऱ्यांनी तिला सिंधूच्या शेजारी उभी करून सोडून दिले. विडंबनकाराला तिच्यापासून आरंभ करता येईल.