वाचनप्रेरणा : कोणत्या घरासाठी?

‘वाचनप्रेरणा’ हा शब्द गेल्या दहाएक वर्षांत शासकीय परिपत्रकातून उतरून आमच्या सूचनाफलकावर येऊन बसला आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, २०१५ पासून महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. २०२५ च्या १ ते १५ जानेवारी या काळात ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा पंधरवडाही झाला. सामूहिक वाचन झाले, ग्रंथप्रदर्शने भरली, पुस्तक परीक्षणाच्या स्पर्धा झाल्या. मी हिंगोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आम्हीही पोरांना रांगेत बसवले, हातात पुस्तके दिली, छायाचित्र काढले आणि अहवाल पाठवला. त्या अहवालावर माझीही सही आहे. म्हणून पुढे जे लिहितो आहे ती दूर उभे राहून केलेली टीका नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

याच काळात एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात मी एक चित्रफलक पाहिला. खुर्चीत चष्मा लावलेला बाप, शेजारी नीटनेटकी आई, बापाच्या मांडीवर मूल, मुलापुढे उघडे पुस्तक. खाली पालकांना विनंती होती, की रोज अर्धा तास आपल्या मुलांना वाचून दाखवा. विनंती चांगली आहे, तिच्यात कोणाचा द्वेष नाही. पण त्या फलकापुढे उभा असताना मला माझ्या वर्गातली निम्मी पोरे त्या चित्रात कोठे बसवावीत ते कळेना. त्यांच्या घरी खुर्ची असेलही, पण वाचणारा बाप नाही. मग अशा घराला ग्रंथालय काय सांगणार? तुमच्या घरात वाचनसंस्कार नाही, एवढेच ना?

‘संस्कार’ हा शब्द आमच्याकडे नेहमी वरून खाली वाहतो. ज्याच्याकडे आहे तो देतो, ज्याच्याकडे नाही तो हात पसरतो. कुटुंबवाचनाच्या या सर्व उपक्रमांमागे असे एक कुटुंब गृहीत धरलेले आहे, की ज्यात अक्षर आधीच्या पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाते. आमच्या घरात अक्षर उलट दिशेने आले. ते मुलाने शाळेतून घरी आणले आणि थोरांपुढे मांडले.

मी तिसरीत असल्यापासून घरचा वाचणारा मीच होतो. सोसायटीची नोटीस, रेशनकार्डावरची नोंद, पुण्याला कामावर गेलेल्या चुलत्याचे पत्र, दुकानातून साखर बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा, सगळे मी वाचायचो. बाप म्हणायचा, “मोठ्यानं वाच, गिळू नको.” माय भाकरी थापताना ऐकायची. एखादे वाक्य तिला पटले नाही तर म्हणायची, “परत वाच बरं.” हे परत वाचणे माझ्या पुढच्या सगळ्या शिक्षणात मला कोणी इतक्या कठोरपणे शिकवले नाही.

सातवीत असताना वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचण्याचे काम माझ्याकडे आले. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज रात्री, दिवसभर निंदणी करून आलेल्या बाया आणि दोन-चार म्हातारे समोर बसलेले. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा भाग आला. बाबासाहेबांच्या मांडणीत सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, आणि त्यातून परिव्रज्या येते. मी भाग संपवला आणि पुस्तक मिटणार, तोच एक म्हातारी म्हणाली, “मंग पाणी कोणाला भेटलं?” मला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी शाळेत बाकाखाली पुस्तक धरून मी पुढची पाने उलटीत बसलो. गृहत्यागानंतर पाच परिव्राजक सिद्धार्थाला भेटतात आणि शाक्य-कोलियांत समेटाचे वारे वाहू लागल्याचे सांगतात, हे तेव्हा सापडले. रात्री ते वाचून दाखवले. म्हातारीचे समाधान झाले नाही. समेट झाला म्हणजे पाणी वाटून घेतले का, हा तिचा प्रश्न तसाच राहिला.

निरक्षर बाईने विचारलेला हा प्रश्न समीक्षेचा प्रश्न आहे. संहितेत जे सांगितलेले नाही ते तिने विचारले, आणि वाचणाऱ्या पोराला पुढे वाचणे भाग पाडले. वाचनप्रेरणा म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते? पण आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रंथालयाच्या नोंदवहीत त्या म्हातारीची ‘वाचक’ म्हणून नोंद होणे शक्य नाही.

हा माझ्या एकट्याच्या आठवणीचा भाग असता तर मी तो येथे सांगितला नसता. बाबासाहेबांनी याच ग्रंथासाठी एप्रिल १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या लहानपणाची हकीकत सांगितली आहे. सुभेदार रामजी रोज मुलांकडून वाचन करून घेत. घरी कथा ऐकायला जमलेल्यांना आणि बहिणींना रामायण-महाभारतातील भाग वाचून दाखवण्याचे काम लहान भीमरावाकडे होते. पुढे याच मुलाने बापाला विचारले, की ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना सांगणारे हे ग्रंथ आपण वाचायचे तरी कशाला? म्हणजे ऐकणाऱ्यांसाठी मोठ्याने वाचणारे मूल ही आमच्या परंपरेच्या आरंभीची आकृती आहे, आणि त्या वाचनातूनच नकार उगवला. पुढे १९०७ मध्ये मॅट्रिक झालेल्या भीमरावाला कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला हा मुलगा केळुसकरांनी हेरला होता. मुलाला ‘वाच’ म्हणून उपदेश करण्याची त्यांना गरज नव्हती. वाचणाऱ्या मुलाला पुढचे पुस्तक कोणते हवे, एवढेच त्यांनी ओळखले. माझ्या मते ग्रंथपालाचे सगळे काम यात आले.

मात्र निरक्षरतेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. आमच्यातले काही कवी हल्ली ‘आमची माय न शिकताच ज्ञानी होती’ असे लिहून मोकळे होतात, ते मला मान्य नाही. वामनदादा कर्डकांना तरुणपणी मुंबईत कोणी पत्र वाचून दाखवायला सांगितले. वाचता येईना म्हणून ते रडले, आणि मग दुकानांच्या पाट्या वाचत-वाचत अक्षरे शिकले. ही हकीकत सर्वश्रुत आहे. अक्षर नसण्याची लाज आणि जखम खरी असते. माझे म्हणणे इतकेच, की ऐकणे ही वाचनाची रिकामी जागा नव्हे. याच मुलखातल्या गंगाखेडची जनाबाई नामदेवाच्या घरी दळता-कांडता अभंग रचत होती, आणि त्या नामदेवाचे नरसी आमच्या जिल्ह्यात आहे. त्या नावाचे फलक जिल्ह्यात पावलोपावली दिसतात. परंतु कानाने वाचणाऱ्यांसाठी एक सतरंजी अंथरावी, असे ग्रंथालयाला वाटत नाही.

ग्रंथालयाचे दार हा तर वेगळाच अध्याय आहे. पाचवीत असताना मी एका वाचनालयात गेलो. ते गावच्या वरच्या आळीत, एका प्रतिष्ठिताच्या वाड्याच्या ओसरीवर होते. तेथे बसलेल्या गृहस्थाने पहिला प्रश्न विचारला, “कोणाचा रं तू?” मी बापाचे नाव सांगितले. मग त्याने अनामत रक्कम सांगितली. तेवढे पैसे घरात नसतात हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक होते. त्याने मला हाकलले नाही, शिवी दिली नाही, नियम सांगितला. ही नव्या काळाची रीत आहे. आता कोणी अडवत नाही, केवळ पावती मागतात.

या दाराची रचना समजून घेतली पाहिजे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात ग्रंथालय-कर नाही. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात तो होता. आपल्याकडे गावपातळीवर शासन स्वतः ग्रंथालय चालवत नाही. संस्था स्थापन होते, ती ग्रंथालय काढते, शासन तिला अ, ब, क, ड असा वर्ग आणि त्यानुसार अनुदान देते. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. ती हवीच होती, कारण खेड्यातल्या ग्रंथपालाला जे मिळते त्यात त्याचे घर चालत नाही. परंतु संस्था कोण स्थापन करतो? ज्याच्याकडे जागा, ओळख आणि सवड आहे तो. म्हणजे गावची जी सत्ता-रचना, तीच ओसरीवर पुस्तकांच्या कपाटासह बसते. अपवाद आहेत, आणि त्या अपवादांतल्या माणसांविषयी मला आदर आहे. पण व्यवस्थेची समीक्षा अपवादांवरून करीत नाहीत.

दुसरा मार्ग नव्हता काय? बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे उभारले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता, आणि खेड्यांकडे पुस्तकांच्या पेट्या जात. पेटी गावात जाते तेव्हा पोराला ओसरी चढावी लागत नाही. ज्या राजाने ही पेटी पाठवली त्याच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेला गेले, ही केवळ योगायोगाची गोष्ट मला वाटत नाही. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ म्हणून अशाच पेट्या फिरवल्या. कोणाच्या दारी, हा प्रश्न तेथेही विचारता येईल. पण निदान दिशा बरोबर आहे.

आणि दिवस कोणते निवडले आहेत तेही पाहा. १५ ऑक्टोबरला आमच्याकडे सोयाबीनची काढणी चालू असते. माणसे गुत्त्याने रानात असतात आणि धाकटे भावंड सांभाळायला मोठी पोर घरी राहते. जानेवारीत तांड्यांवरची आणि वस्त्यांवरची कित्येक कुटुंबे लेकराबाळांसह ऊसतोडीवर गेलेली असतात. दिवस ठरवणाऱ्याने मुद्दाम असे केले असे मी म्हणत नाही. त्याला हे दिनमान माहीत नाही, एवढेच.

आता कपाटाकडे वळू. बालविभागात ‘श्यामची आई’ असतेच. साने गुरुजींविषयी मनात किंतू नाही. पंढरपूरचे मंदिर आम्हाला खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसलेला हा माणूस आहे. पण पुस्तक म्हणून ते पाहिले पाहिजे. त्यात मोळी उचलू न शकणारी महार म्हातारी येते आणि श्याम तिला मोळी उचलून देतो. आमच्या वस्तीतले पोर हे प्रकरण वाचते तेव्हा ते श्याम होत नाही. ते त्या म्हातारीचे नातू असते, आणि नातवाला पुस्तकात जागा नाही. दुसऱ्याच्या चांगुलपणाचे निमित्त होणे, एवढेच त्याच्या वाट्याला येते. मराठवाड्याच्याच प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ मध्ये आले. पोरक्या, भुकेल्या, तरीही शिकू पाहणाऱ्या मुलाची ती हकीकत आहे. ते पुस्तक कोठे असते? मोठ्यांच्या विभागात, ‘आत्मचरित्रे’ या पाटीखाली. बारा वर्षांच्या मुलाचे जगणे बारा वर्षांच्या मुलाने वाचू नये, असा काही संकेत आहे काय?

आमच्याकडेही बोट दाखवले पाहिजे. १४ एप्रिलला आम्ही अठरा तास सलग अभ्यासाचा उपक्रम करतो. माझाही त्यात सहभाग असतो. पण तेथे बहुतेक स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडलेली असतात, आणि बाया स्वयंपाकाच्या बाजूला. नागपूरहून, दादरहून दरवर्षी आणलेले ग्रंथ विहारातल्या कपाटात कुलूपबंद असतात. किल्ली ज्याच्याकडे तो तालुक्याला राहतो. वर्षावासातले वाचनही काही ठिकाणी पोथीच्या पारायणासारखे होऊ लागले आहे. भाग संपला की फुले वाहायची आणि घरी जायचे. त्या म्हातारीसारखा प्रश्न विचारला तर आता मध्येच बोलू नका म्हणतात. ओसरीवरच्या गृहस्थाला नावे ठेवताना आपल्या कपाटाची किल्ली कोठे आहे, हे आपण विचारत नाही.

माझा एक माजी विद्यार्थी एका लहान ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. आमच्या बोलण्यातून त्याने देवघेवीच्या नोंदवहीत मुलांसाठी एक रकाना हाताने आखला : ‘कोणाला वाचून दाखवले?’ अनामत तो मुलांकडून घेत नाही, पुस्तक हरवले तर स्वतः भरतो. रकान्यात सुरुवातीला सगळ्यांनी ‘आईला’ असे लिहिले, एकमेकांचे पाहून. नंतर ‘आजीला, ती झोपली’, ‘बापाला, फोनवर, तो कारखान्यावर आहे’ अशा नोंदी येऊ लागल्या. एका पोराने ‘शेळीला’ लिहिले आहे. ग्रंथपालाने ते खोडले नाही. एका मुलीने तेच पुस्तक चार वेळा नेले, कारण आईने शेवट बदलून सांग म्हटले आणि ती रोज वेगळा सांगत होती.

गेल्या वेळी तपासणीला आलेल्या साहेबांनी नोंदवही चाळली, त्या रकान्यावर पेन टेकवले आणि हा रकाना कोणत्या नमुन्यात आहे असे विचारले. पोरगा गप्प राहिला. साहेबांनी शेरा लिहिला नाही, पण पुढच्या वर्षीच्या नोंदवहीत छापील रकानेच ठेवा असे सांगून गेले. नवी नोंदवही आता आली आहे. तिच्या उजव्या बाजूला दोन बोटे समास कोरा आहे, आणि पट्टी घेऊन तो पुन्हा बसला आहे.