स्वदेसी
मुंबईतील बहुभाषिक रॅप-गायकांचा समूह. ‘द वारली रिव्होल्ट’ (२०१९) ही त्यांची सर्वांत प्रभावी ध्वनिमुद्रित रचना होय. आरेच्या जंगलाचा विषय तीत घोषणेच्या पातळीवर राहत नाही. तेथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्या आवाजामुळे ते राहत्या भूमीचे गाऱ्हाणे बनते. चेतावनी (२०२०) या पहिल्या संग्रहात राजकीय उपरोध धारदार आहे. मात्र संग्रह सलग ऐकताना रोषाचा एकच सूर काहीसा थकवतो. अमरावतीचे सौरभ अभ्यंकर यांचे मराठी उच्चार महानगरी मराठीहून वेगळे असून विदर्भातील श्रोत्यास ते विशेष जवळचे वाटावेत. गुजरातीतून रचना करणारे धर्मेश परमार (‘तोडफोड’) २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तले. समूहाच्या बहुभाषिकतेतील एक कसदार आवाज त्यामुळे लोपला.