लिअरच्या दरबारातली ‘डिग्री’

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लासांत दहावीच्या मुलांकडून इंग्रजीचा एक प्रश्न घोटून घेतात: ‘डिग्री बदला’. साचे ठरलेले आहेत. ‘नो अदर’ने सुरुवात केली की पॉझिटिव्ह, ‘दॅन’ आलं की कम्पॅरेटिव्ह, आधी ‘द’ आणि शेवटी ‘एस्ट’ लागलं की सुपरलेटिव्ह. आखूड शब्दाला ‘अर’ आणि ‘एस्ट’, लांबलचक शब्दाच्या आधी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’. तुलना दोघांत असेल तर ‘अर’, तिघांपासून पुढे ‘एस्ट’. गुड-बेटर-बेस्ट आणि बॅड-वर्स-वर्स्ट ही कुणाचं न ऐकणारी मंडळी, ती पाठच करायची. क्रियाविशेषणांचंही तसंच: ‘फास्ट’चं ‘फास्टर’ होतं, पण ‘क्विकली’चं ‘मोअर क्विकली’. अट एकच, वाक्याचा अर्थ बदलता कामा नये.

डोंगरांच्या बाबतीत ही अट बिनतक्रार पाळता येते. महाराष्ट्रातलं दुसरं कुठलंही शिखर कळसूबाईइतकं उंच नाही म्हणा, कळसूबाई इतर सगळ्या शिखरांहून उंच म्हणा किंवा सर्वांत उंच म्हणा. तिच्या १,६४६ मीटरांत काही कमीजास्त होत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र डिग्री बदलली की सगळंच बदलतं. याचा मला माहीत असलेला सर्वांत चोख पुरावा म्हणजे शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा पहिला प्रवेश. हे नाटक एरवी वादळासाठी, वेडासाठी वाचलं जातं. एकदा नुसती ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ची ये-जा बघत वाचावं.

पडदा वर जातो तेव्हा राजा अजून आलेलाही नाही. दरबारातले केंट आणि ग्लॉस्टर बोलत उभे आहेत, आणि नाटकाचं अगदी पहिलं वाक्यच तुलनेचं आहे: दोन जावयांपैकी राजाचा जीव कोणावर जास्त? जावई दोन, म्हणून शब्द ‘मोअर’. लगेच ग्लॉस्टर आपल्या दोन मुलांवर येतो. औरस मुलगा अनौरसाहून वर्षभरानं मोठा, म्हणजे ‘एल्डर’. पण मोठा असला तरी जास्त लाडका नाही. काही मिनिटांनी लिअर आपल्या थोरल्या लेकीला आधी बोल म्हणतो, तेव्हा तिच्यासाठी शब्द येतो ‘एल्डेस्ट’, कारण लेकी तीन. दोघांचा आणि तिघांचा नियम एवढ्या शिस्तीत पाळलेला बघून व्याकरणाच्या मास्तरांनी खूश व्हावं. खरी गंमत पुढे आहे.

राजाचा प्रश्न सुपरलेटिव्हमधला आहे. तुमच्यापैकी कोणाचं माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम आहे, म्हणजे त्या मानानं मी वाटणी करतो. गॉनरिल उत्तर देते ते कम्पॅरेटिव्हमध्ये: शब्दांना पेलणार नाही इतकं जास्त, डोळ्यांहून प्रिय, मोकळेपणाहून प्रिय, जिवापेक्षा तसूभर कमी नाही. रीगन त्याहून हुशार. ती नवं काही बोलतच नाही. ताई म्हणाली तेच माझं, फक्त ती जरा कमी पडली. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात मागच्या बोलीवर थोडं चढवून बोलावं तसं हे आहे. मागची बोली दुसऱ्यानं लावलेली, आपण वरचे चार आणे टाकायचे. दोघींनी एकदाही ‘सर्वांत’ असं थेट म्हटलेलं नाही. ‘पेक्षा’ची उतरंड अशी रचली आहे की वरचं मडकं राजानं स्वतःच ठेवून घ्यावं.

इथं एक बारीक गोष्ट सहज निसटते. गॉनरिलचं ऐकून लिअर तिचा हिस्सा देऊन टाकतो, मग रीगनला तिच्याहून काडीनं कमी नाही असा देतो, आणि कॉर्डेलियाला म्हणतो की बहिणींपेक्षा समृद्ध असा तिसरा भाग मिळवायला तू काय बोलशील? राज्य एक, त्यातले दोन तुकडे गेले. म्हणजे उरलेला तुकडा सरस आहे हे ती तोंड उघडायच्या आधीच ठरलेलं आहे. स्पर्धा निकाल लावून मग भरवलेली. लिअरला तुलना नकोच आहे, त्याला फक्त ‘मोस्ट’ हा शब्द कानावर पडायला हवा आहे.

कॉर्डेलिया तो देत नाही. नात्यानं जेवढं बांधलं आहे तेवढं प्रेम, जास्त नाही, कमी नाही. कम्पॅरेटिव्हचे दोन्ही शब्द तिनं उच्चारले ते दोन्ही पुसून टाकण्यासाठी. उरते निखळ पॉझिटिव्ह डिग्री: प्रेम आहे, बस. एका प्रश्नाची तीन उत्तरं आणि अर्थ न बदलण्याची अट. त्या अटीपायी तिघींत खरं बोलणारी एकटी देशोधडीला लागते.

आता व्याकरणाच्या मास्तरांना खटकणारा भाग. याच प्रवेशात फ्रान्सचा राजा लिअरला आठवण करून देतो की हीच तुमची लाडकी होती. १६०८ च्या क्वार्टो छपाईत त्याच्या तोंडी ‘मोस्ट बेस्ट’ आहे. १६२३ च्या फोलिओत ‘मोस्ट’ जाऊन साधं ‘द बेस्ट’ झालं. केंट वादळात दार न उघडणाऱ्या घराला दगडाहून ‘मोअर हार्डर’ म्हणतो. आज उत्तरपत्रिकेत अशा जागी लाल शाई सांडेल. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथच्या व्याकरणानं दुहेरी तुलनेला अशुद्ध ठरवलं, त्यानंतरच्या शालेय पुस्तकांनी तो निकाल पक्का केला. शेक्सपिअरच्या काळी मात्र तो जोर देण्याचा रास्त मार्ग होता. आणि आपण तरी कुठं सोवळे आहोत? संस्कृतात ‘श्रेष्ठ’ हे मुळातच सुपरलेटिव्ह, ‘ज्येष्ठ’ही तसंच, ‘उत्तम’ही. तरी आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, ‘सर्वोत्तम’ म्हणतो, सत्काराच्या भाषणात गाडी ‘श्रेष्ठतम’पर्यंत जाते. ‘मोअर बेटर’ म्हणणाऱ्या पोराला हसणाऱ्यांनी आपली मानपत्रं एकदा तपासावीत. केंटच्या तोंडचं ते जादा ‘मोअर’ मला तरी काढून टाकवत नाही. दार बंद करणाऱ्यांवरचा त्याचा राग नेमका त्या जादा शब्दात आहे.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी लिअरचं प्रेम मोजायचं माप त्याच्यावरच उलटतं. त्याचे शंभर सरदार गॉनरिलनं पन्नासावर आणले, रीगन म्हणते पंचवीस पुरेत. म्हातारा गॉनरिलकडे वळून हिशेब मांडतो की पन्नास हे पंचविसाचे दुप्पट, म्हणजे तुझं प्रेम तिच्या दुप्पट. वाचताना हसू येतं आणि लगेच घशात अडकतं. जो प्रेमाची तुलना ऐकायला बसला होता तो आता डोकी मोजतो आहे. याच ओघात तो म्हणतो की ‘वर्स्ट’ नसणं हीसुद्धा थोडी स्तुतीच. समोर लेकी दोन. नियमानं ‘वर्स’ हवं. पण त्याच्या डोक्यातून तिसरी गेलेली नाही, आणि तिला तर त्यानं स्वतःच सर्वांत वाईट ठरवून हाकललं होतं. हा अर्थ मी ओढूनताणून काढतो आहे असं कुणी म्हणेल. म्हणू द्यावं.

आणि चौथ्या अंकातला एडगर, ग्लॉस्टरचा तो औरस मुलगा. अंगावर धड वस्त्र नाही, नशिबाच्या तळाशी पोचलेला, आणि त्यातच समाधान मानतो आहे: आता याहून वाईट होणं शक्य नाही, बदल झाला तर बऱ्याकडेच होईल. सुपरलेटिव्हचा हा एक फायदा, त्याच्या पुढे पायरी नसते. एवढ्यात डोळे काढलेल्या बापाला हाताला धरून कुणीतरी आणतं. एडगरला ‘वर्स्ट’वरून पुन्हा ‘वर्स’वर यावं लागतं. हे सर्वांत वाईट आहे असं म्हणायला जोवर तोंड शाबूत आहे, तोवर ते सर्वांत वाईट नव्हे, इतकं त्याला कळतं. बॅड-वर्स-वर्स्ट ही चढण प्रत्येकजण एकाच दिशेनं पाठ करतो. शेक्सपिअरनं एका माणसाला टोकावरून मधल्या पायरीवर उलटं आणलं, आणि तिथून ते टोक जास्त लांब दिसायला लागलं. ‘वर्स’ हा शब्द ‘वर्स्ट’पेक्षा भयंकर असू शकतो हे एरवी सांगून पटलं नसतं.

नाशिककराला इथं वि. वा. शिरवाडकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. हं. प्रा. ठा. कॉलेजात शिकलेल्या, आयुष्याचा मोठा काळ याच गावात काढलेल्या या माणसानं लिअर मराठी घरात आणला. ‘नटसम्राट’ १९७० साली गोवा हिंदू असोसिएशननं रंगभूमीवर आणलं, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, नायक अप्पासाहेब बेलवलकर श्रीराम लागूंचे; १९७४ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लिअरशी त्याची तुलना पुष्कळांनी केली आहे. मला त्यातली एक वजाबाकी महत्त्वाची वाटते. शिरवाडकरांनी कॉर्डेलिया काढून टाकली. अपत्यं दोनच, मुलगा नंदा आणि लेक नलू. त्याबरोबर प्रेमाची स्पर्धाही गेली. अप्पासाहेब मुलांना कोणाचं प्रेम सर्वांत जास्त असं विचारत नाहीत. न विचारता, हातचं काही न राखता देऊन टाकतात. दोघांत ‘एस्ट’ला जागाच नसते. या नाटकातला ‘सर्वांत’ एकच आहे आणि तो शीर्षकात बसला आहे: नटांचा सम्राट. ती पदवी लोकांनी दिलेली, घरात तिचं कुणाला काही नाही.

मराठीची घडणही इथं नाटककाराच्या कामाला येते. इंग्रजीत तुलनेचा भार विशेषण उचलतं, ‘डिअर’चं ‘डिअरर’ होतं. मराठीत विशेषण जागचं हलत नाही. ‘पेक्षा’ किंवा ‘हून’ लागतं ते ज्याच्याशी तुलना आहे त्याला. म्हणजे ‘पेक्षा’ आलं की कमी कोण पडलं त्याचं नाव घ्यावंच लागतं. ‘नटसम्राट’मध्ये ते नाव कुणी घेत नाही. आधी मुलाचं घर सुटतं, मग लेकीच्या घरी चोरीचा आळ येतो, आणि दोन्ही घरं शेजारी शेजारी ठेवून नाटककार गप्प राहतो. नंदा जास्त वाईट की नलू, हा निवाडा प्रयोग सुटल्यावर पार्किंगमध्ये होतो. तिथं बहुतेक वेळा नलूवर राग जास्त निघतो, कारण लेकीकडून अपेक्षा जास्त होती. यातला एकही ‘जास्त’ शिरवाडकरांनी लिहिलेला नाही, दोन्ही प्रेक्षक घरून घेऊन येतात.